पायानं म्हणायचं ‘वा’: क्राय बेबी पेडल आणि मेव्हण्याशी चाललेला जुना वाद

‘दाजी, तो गिटार हातानं नाही, पायानं वाजवतो.’

माझ्या मेव्हण्यानं हे पहिल्यांदा ऐकवलं ते आमच्या लग्नानंतरच्या सत्यनारायणाला. तेव्हा तो एकोणीस वर्षांचा. झब्ब्याच्या आत मेगाडेथ या मेटल बँडचा काळा टी-शर्ट आणि हातात प्रसादाचा द्रोण. मी आपलं बोलायचं म्हणून विचारलं होतं, मेटॅलिका या दुसऱ्या बँडचं काय ऐकतोस. तर त्याला मेटॅलिकाचं सगळं चालत होतं, फक्त त्यांचा गिटारवादक कर्क हॅमेट याचे सोलो, म्हणजे गाण्याच्या मधले एकट्या गिटारचे तुकडे, सोडून. आणि मी तर मेटॅलिका लावायचो तेच मुळी हॅमेटसाठी. ‘बोटं अडली की पायाखालचं वाह-वाह पेडल दाबतो. लोकांना वाटतं, काय गिटार बोलली!’ नवा जावई होतो, हसून सोडून दिलं. ते साल २००५. तेव्हापासून दर भाऊबिजेला पाटावर बसला की त्याचा पहिला प्रश्न ठरलेला: ‘काय दाजी, पाय बरा आहे ना?’

आठ महिन्यांपूर्वी या प्रश्नाचा एकदाचा निकाल लावायचा म्हणून मी ते पेडलच विकत घेतलं. डनलॉप कंपनीचं क्राय बेबी, मॉडेल जीसीबी-९५. ‘घ्यावं की नाही’ एवढंच ज्यांना हवंय त्यांच्यासाठी: घ्या, पण फ्लॅटमध्ये राहत असाल तर खालच्या मजल्यावरच्यांशी आपलं कसं आहे ते आधी तपासा. बाकीच्यांनी चहा घेऊन बसावं.

आधी माझ्याबद्दल दोन ओळी, म्हणजे माझ्या कानांवर कितपत विश्वास ठेवायचा ते तुमचं तुम्हाला ठरवता येईल. डोंबिवलीत राहतो, यूपीएस आणि इन्व्हर्टर दुरुस्त करतो. कॉलेजात असताना धोबीतलावच्या रंगभवनात इंडिपेंडन्स रॉक या रॉक महोत्सवाला जायचो आणि शेवटची कर्जत लोकल पकडायला व्हीटीपर्यंत धावायचो. पुढे तो परिसर शांतता क्षेत्रात मोडतो म्हणून तिथला गोंगाट बंद झाला. तोवर माझं डोकं पुरतं बिघडलेलं होतं. गिटार १९९५पासून हातात आहे, पण मी चांगला वाजवतो असं घरात कुणीही म्हणणार नाही.

खरेदीचं थोडक्यात. ऑनलाइन दुकानातून मागवलं, नाव लिहीत नाही. पहिला खोका आला त्याचं सील फाटलेलं, आतल्या पेडलच्या रबरावर कुणाच्या तरी बुटाची माती. ‘नवीनच आहे सर, गोडाऊनमध्ये धूळ बसते,’ असं उत्तर. धुळीला बुटाची नक्षी कशी येते हे विचारल्यावर बदलून मिळालं, पण त्यात सोळा दिवस गेले. पैसे दहा हजारांच्या आसपास. बायकोला मी सहा सांगितले. हे ती वाचणार नाही अशी आशा आहे.

हातात घेतल्यावर पहिली गोष्ट जाणवते ती वजन. दीड किलोच्या वर भरतं. ओतीव धातूचा काळा ठोकळा, वर रेघारेघांचं रबर. आमच्या आजीच्या शिवणयंत्राच्या पायपट्टीशी याचं नातं लागत असणार. एकही बटण नाही, एकही खटका दिसत नाही, दिवा नाही. दिवा नसल्यानं पेडल चालू आहे की बंद हे वाजवूनच कळतं. खटका आहे, पण तो पंजाच्या बाजूला पट्टीखाली लपलेला. पट्टी पुढे पूर्ण दाबून वर अजून एक जोराचा दाब द्यायचा, मग ‘टक्’ होतं. अनवाणी पायानं हे जमायला मला आठवडा लागला. घरात बूट घालून गिटार वाजवणारा माणूस बघून मुलीनं मैत्रिणींना फोटो पाठवले.

दुसऱ्याच रात्री मी ते उघडलं. धंद्याची खोड. तळाच्या चार रबरी पायांचे स्क्रू काढले की पत्रा निघतो. बॅटरी बदलायलासुद्धा हेच करावं लागतं, म्हणून छोटा स्क्रूड्रायव्हर गिटारच्या बॅगेत कायमचा ठेवा. आत बघून मला हसू आलं. एवढा बोभाटा, एवढी भांडणं, आणि आत काय? पट्टीला जोडलेली एक दातेरी काडी. ती खालीवर झाली की छोटं दातेरी चाक फिरतं आणि चाक एक लाख ओहमचा पॉट फिरवतं. म्हणजे जुन्या रेडिओचा आवाज कमीजास्त करायची चकती असते, तीच, फक्त बोटाऐवजी पायानं फिरवायची. शेजारी एक इंडक्टर, चारदोन कपॅसिटर, ट्रान्झिस्टर. संपलं.

या मंडळाचं, म्हणजे सर्किटचं, काम एकच. गिटारच्या आवाजातला एक अरुंद पट्टा निवडून तेवढाच फुगवायचा. टाच खाली टेकलेली असेल तर तो पट्टा साधारण चारशे हर्ट्झच्या आसपास असतो, पंजा पुढे दाबत गेलं की सरकत दोन हजारांच्या आसपास जातो. आपण ‘ऊ’पासून ‘आ’वरून ‘ए’पर्यंत जाताना तोंडाचा आकार बदलतो, तेव्हा घशातल्या आवाजाचं जवळपास हेच होतं. म्हणून कानाला वाटतं की तार काहीतरी बोलतेय. पहिल्यांदा मुद्दाम सावकाश, एकच स्वर लावून, पाय मागून पुढे नेला तेव्हा गिटारनं स्पष्ट ‘वा’ म्हटलं. मैफलीत पहिल्या रांगेतले काका म्हणतात तसं. स्वतःच वाजवायचं आणि स्वतःच दाद द्यायची अशी सोय जगात दुसऱ्या कुठल्या वाद्याला असेल असं वाटत नाही.

गंमत म्हणजे हे कुणी गिटारसाठी बनवायला बसलंच नव्हतं. १९६६ साली कॅलिफोर्नियात थॉमस ऑर्गन कंपनीत ब्रॅड प्लंकेट नावाच्या इंजिनिअरला अँप्लिफायरमधला टोन बदलणारा एक महागडा स्विच स्वस्तात बसवायचा होता. त्यानं स्विचच्या जागी पॉट लावला, फिरवला, आणि आवाज असा घसरत गेला की सगळे गोळा झाले. मग ते मंडळ ऑर्गनच्या आवाजाच्या पेडलमध्ये घातलं. खर्च वाचवायला निघालेल्या माणसाच्या हातून हे झालं याचा मला, दुरुस्तीवाल्याला, वेगळाच आनंद आहे.

आता आवाज. खरं म्हणजे पहिले तीन आठवडे आवाज असा नव्हताच, मांजर होतं. मी प्रत्येक ठोक्याला पाय खालीवर करत होतो. त्यातून निघायचं ते ‘वॅक-वॅक-वॅक’. बायको स्वयंपाकघरातून म्हणाली, ‘त्या मांजराला दूध घाला नाहीतर बाहेर काढा.’ खालच्या मजल्यावरचे काका वर आले आणि अत्यंत सभ्यपणे विचारून गेले, की इन्व्हर्टरच्या कामात हल्ली भोंगेपण असतात का.

चूक पायाची नव्हती. डोक्यातून पायाला हुकूमच चुकीचा जात होता. ताल धरायला पाय हलवायची आपल्याला जन्मापासून सवय, आणि पेडल तालासाठी नाहीच मुळी. ते वाक्यासाठी आहे. एका दमात जेवढे स्वर घेतले तेवढ्यात पाय फार तर एकदा पुढे जाऊन मागे यायला हवा. कधी नुसता पुढे. मी एका रात्री हॅमेटचा १९९१च्या अल्बममधला ‘एंटर सँडमन’चा सोलो निम्म्या वेगानं लावून फक्त पायाकडे, म्हणजे पायाच्या आवाजाकडे, लक्ष देऊन ऐकला. कितीतरी जागी त्याचा पाय जवळपास थांबलेला आहे. लांब खेचलेल्या स्वरावर तो हळूच उघडतो, तोंड उघडावं तसा. झटापटीच्या जागी मिटतो. एकोणीस वर्षं मी या माणसाची वकिली केली आणि तो काय करतो ते आत्ता ऐकलं.

इथं मेव्हण्याची बाजू मांडली पाहिजे, कारण तो मूर्ख नाही. कल्याणला राहतो, शाळेत गणित शिकवतो, माझ्यापेक्षा चौपट चांगला वाजवतो. त्याचा देव मेगाडेथचा गिटारवादक मार्टी फ्रीडमन, आणि देवळाचं नाव ‘रस्ट इन पीस’, त्यांचा १९९०चा अल्बम. त्याचं म्हणणं असं की फ्रीडमनच्या सोलोत पुढचा स्वर कुठून येणार हे कळतच नाही. तो स्वरावर सरळ उतरत नाही, खालून, बाजूनं, भलत्याच ठिकाणाहून खेचत आणतो. ‘टॉर्नाडो ऑफ सोल्स’चा सोलो मेव्हणा गणितासारखा फळ्यावर मांडून दाखवू शकेल, आणि तरीही तो सोलो मांडल्यासारखा वाटत नाही हे मलाही कबूल आहे. उलट हॅमेट बराच वेळ पाच स्वरांच्या एकाच चौकटीत फिरतो. ही चौकट आमच्या बाबांना एकदा ऐकवली होती. बाबा नाट्यसंगीतातले, हार्मोनियमवाले. डोळे मिटून म्हणाले, ‘धानी राग आहे. पण एवढा चिडलेला का?’

बाकी त्याच्या भात्यातले बाण म्हणजे तपशील. मेगाडेथचा म्होरक्या डेव्ह मस्टेन आधी मेटॅलिकात होता, त्याला काढलं १९८३ साली आणि त्याच्या जागी हॅमेट आला. मेटॅलिकाच्या पहिल्या अल्बमवरच्या चार गाण्यांना मस्टेनचं नाव आहे. मेटॅलिकाचा २००३चा अल्बम ‘सेंट अँगर’ अख्खा सोलोविना निघाला तेव्हा त्यानं मला सकाळी सातला फोन केला असता, पण तेव्हा आमची सोयरीक व्हायची होती. मग त्यानं तो आनंद साठवून ठेवला आणि लग्नानंतर वापरला: ‘पेडल काढून घेतलं, काय उरलं?’ आणि सगळ्यात वर्मी लागलेला बाण: ‘दाजी, तुम्ही आंघोळीला “नथिंग एल्स मॅटर्स”चा सोलो गुणगुणता ना, तो हॅमेटनं नाही, त्यांचा गायक हेटफिल्डनं वाजवलाय.’ खरं आहे. त्या दिवशी मी आंघोळ मुकाट्यानं केली.

माझं उत्तर तेव्हाही एकच होतं, नुसतं मला ते नीट मांडता यायचं नाही. सोलोला मी गाण्याचं न लिहिलेलं कडवं समजतो. गाणाऱ्यानं म्हणायचं राहिलेलं गिटार म्हणते. म्हणून मला तो तोंडानं गाता आला पाहिजे. आयर्न मेडन या बँडचे गिटारवादक डेव्ह मरे आणि एड्रियन स्मिथ घ्या. मरे घरंगळत जातो, स्मिथ प्रत्येक वाक्य आधी घडी घालून आणतो, आणि दोघंही गाता येतात. २००८च्या फेब्रुवारीत वांद्रे-कुर्ला संकुलात मेडन आले होते तेव्हा अख्खं मैदान सोलो गात होतं, शब्द नव्हे. आता कुणी म्हणेल स्लेयर या बँडचं काय? केरी किंग आणि जेफ हॅनेमनचे सोलो गाता येतात का? नाही येत. ते ओरडणं आहे, आणि ‘रेन इन ब्लड’सारख्या जेमतेम अर्ध्या तासाच्या अल्बममध्ये ओरडणंच बरोबर आहे. तिथं कुणी सुरेल वाजवलं असतं तर मी कॅसेट परत केली असती.

शैली, शैली म्हणून आपण वाद घालतो पण ती बऱ्याचदा अडचणीतून आलेली असते. या सगळ्याचा मूळपुरुष ब्लॅक सॅबथ या बँडचा गिटारवादक टोनी आयोमी. बर्मिंगहॅमच्या पत्र्याच्या कारखान्यात, सतराव्या वर्षी, नोकरीच्या शेवटच्या दिवशी त्याच्या उजव्या हाताच्या दोन बोटांची टोकं गेली. तो डावखुरा, म्हणजे तारा दाबायचा हात तोच. त्यानं प्लॅस्टिकची बाटली वितळवून बोटांना टोपणं केली, वर चामडं चिकटवलं, तारा हलक्या लावल्या. पुढं तारा उतरवून सैल केल्या तेव्हा दाबायला अजून सोपं झालं आणि आवाज खोल गेला. आज ज्याला आपण मेटलचा आवाज म्हणतो त्यात त्या टोपणांचा वाटा आहे. त्याला कुणी म्हणत नाही की हा बोटानं नाही, बाटलीनं वाजवतो. मेव्हण्याला हे सुनावलं तेव्हा तो पहिल्यांदा गप्प बसला. मग म्हणाला, ‘आयोमीची बोटं गेली होती. हॅमेटची शाबूत आहेत.’

तर मग प्रयोग. दोन महिन्यांच्या सरावानंतर मी तोच सोलो तीनदा फोनवर रेकॉर्ड केला. एकदा पेडलशिवाय. एकदा पेडल लावून पण पाय मोकाट सोडून, पहिल्या आठवड्यातल्या मांजरासारखा. आणि एकदा प्रत्येक वाक्याला पाय कुठं उघडायचा ते आधी ठरवून. गणेशोत्सवात मेव्हणा आरतीला आला होता, मोदक हातात असताना हेडफोन कानात कोंबले. कुठलं कसं वाजवलंय ते सांगितलं नाही. अर्थात पेडल ओळखू येणारच, पण मी विचारलं वेगळंच: ‘चुका कुठं जास्त आहेत?’

मला वाटलं होतं पेडलवाल्या दोन्हींत चुका झाकल्या जातील आणि तो जिंकेल. झालं उलटं. मोकाट पायाच्या रेकॉर्डिंगमध्ये प्रत्येक चुकलेला स्वर भिंगाखाली धरल्यासारखा दिसत होता, कारण नेमका त्याच क्षणी पट्टा वर सरकलेला असला की तार छेडायच्या पिकचा खरखराटसुद्धा मोठा होऊन येतो. पेडलशिवायच्या वाजवण्यात त्याला सहा चुका सापडल्या. तिसऱ्यात दोन. तिसऱ्यातही सहाच होत्या, मी मोजल्या होत्या. पण पायामुळे मला आधीच ठरवावं लागलं होतं की या वाक्यात कुठला स्वर महत्त्वाचा, कुठं जोर, कुठं नुसतं पुढं जायचं. महत्त्वाचे स्वर नीट लागले, बाकीच्यांकडे त्याच्या कानानं लक्ष दिलं नाही. मेव्हणा हेडफोन काढून म्हणाला, ‘हे चीटिंग आहे.’ मी म्हटलं, ‘अरे, याला गाणं म्हणतात.’ तेवढ्यात शंखध्वनी झाला आणि आम्हाला उठावं लागलं.

पण प्रामाणिकपणे लिहायचं तर त्याचं अर्धं म्हणणं मला माझ्याच घरात पटलंय. जलद ताना घेताना पेडल चालू ठेवलं की सगळं लदलदतं, स्वर एकमेकांना चिकटतात. आणि मोठा धोका म्हणजे आळस. पाय एवढं बोलतोय म्हटल्यावर बोटांना काही नवीन शिकावंसं वाटत नाही. आठ महिन्यांत माझ्या डाव्या हातात एकही नवं वळण आलेलं नाही. तीच पाच स्वरांची चौकट, तोच चिडलेला धानी, वर ‘वा’. हॅमेटचंही अधूनमधून असं होतं. एखाद्या सोलोत नुसती सवय ऐकू येते, हे मी बेंगळुरूहून परत येतानाच्या गाडीत मनाशी मान्य केलं होतं, मोठ्यानं नाही. ३० ऑक्टोबर २०११, पॅलेस ग्राउंड्स. पायाखाली चिखल, शेजारी मेव्हणा, ज्याचं तिकीट मी काढलं होतं. हॅमेटनं ‘फेड टू ब्लॅक’चा शेवट धरला तेव्हा मी बाजूला पाहिलं, तर हा डोळे पुसतोय. ‘काय झालं?’ ‘घाम.’ मीही घामच पुसत होतो.

आता कामाच्या गोष्टी, ज्यासाठी बहुतेक लोक हे वाचायला आले असतील.

गिटारमधून आधी क्राय बेबी, मग डिस्टॉर्शन, म्हणजे आवाज करकरीत करणारं पेडल, मग अँप, हाच क्रम ठेवा. माझ्याकडे बॉसचं नारिंगी डीएस-१ आहे. क्राय बेबी त्याच्या आधी असलं की फुगवलेला पट्टा डिस्टॉर्शनला डिवचतो आणि आवाज गळ्यातून आल्यासारखा येतो. क्रम उलटा केला तर तोच पट्टा आख्ख्या करकरीत आवाजाला कापत जातो. पाचेक मिनिटं मजा येते, मग विमानतळाजवळ राहायला गेल्यासारखं वाटतं.

अ‍ॅडॉप्टर ९ व्होल्टचा, मधली पिन ऋण असलेला. आपल्याकडे टीव्हीच्या खोक्यांबरोबर येणारे बहुतेक अ‍ॅडॉप्टर मधली पिन धन असलेले असतात, ते जुळलं म्हणून खुपसू नका. मी लॅमिंग्टन रोडवरून एक स्वस्तातला आणला. त्यानं एवढा गुणगुणाट केला की तानपुरा लावल्यासारखं वाटलं. शेवटी स्वतःच फिल्टर लावून एक बनवला. बॅटरीवर आवाज सगळ्यात स्वच्छ. मात्र इनपुटमध्ये केबल खुपसलेली असेपर्यंत बॅटरी खर्च होत राहते, पेडल बंद असलं तरी. हे मला माहीत होतं, मी दुकानात शंभर गिऱ्हाइकांना असलंच काहीतरी शिकवतो, आणि तरीही दोन बॅटऱ्या अशाच रात्रभरात मारल्या.

पट्टी फार सैल किंवा फार घट्ट वाटली तर तळ उघडून पट्टीच्या दांड्यापाशी जो नट आहे तो किंचित फिरवा. मी थोडी घट्ट केली, म्हणजे पाय काढला तरी पट्टी जिथल्या तिथं थांबते. ही एवढीशी गोष्ट पुढं महत्त्वाची ठरली, सांगतो. पावसाळ्यात पॉट खरखरतो. डोंबिवलीत सगळंच खरखरतं. कॉन्टॅक्ट क्लीनरचा एक फवारा, पट्टी वीस वेळा खालीवर, झालं. वर्ष दोन वर्षांत पॉट झिजणार हे धरूनच चाला. तो बदलता येतो, आणि ज्याला सोल्डरिंग येतं त्याचं ते अर्ध्या तासाचं काम.

मल्टी-इफेक्ट्सच्या, म्हणजे अनेक पेडलचे आवाज एकत्र देणाऱ्या, यंत्रातही वाह मिळतं, मग हे कशाला, असं विचारणारे असतात. मीही चार वर्षं तसंच एक वापरलं. त्यात पट्टा सरकतो, पण पायाला काही लागत नाही. इथं दातेरी काडीची किंचित कुरकुर पंजाला कळते आणि ‘आ’ नेमका कुठं येतो ते पायाला पाठ होतं.

आता घट्ट पट्टीची गोष्ट. दिवाळीत मेव्हणा भाऊबिजेला आला. पाय बरा आहे का विचारलंन नाही, सरळ माझ्या खोलीत गेला आणि गिटार उचलली. पेडल चालू होतं आणि पट्टी मी कुठंतरी मध्येच सोडून दिलेली. त्यानं पायही लावला नाही. आपले फ्रीडमनचे खेचलेले स्वर सुरू केले. पट्टा एका जागी अडकलेला असल्यामुळे आवाज नाकातून आल्यासारखा, थोडा सनईच्या अंगानं जाणारा यायला लागला. तो थांबला. परत वाजवलं. पट्टी बोटभर पुढं सरकवली, परत वाजवलं. जेवायला तीन हाका मारल्या, आला नाही.

मला ही युक्ती ठाऊक होती. पट्टी न हलवता एका जागी रोवून ठेवायची, मायकल शेंकर हा गिटारवादक सत्तरच्या दशकात यूएफओ या बँडमध्ये असताना हेच करायचा. आणि हॅमेट तर शेंकरचा भक्त. हे सगळं मेव्हण्याला सांगायला मी तोंड उघडलं होतं, पण बायकोनं ओवाळणीचं ताट तयार ठेवलं होतं, आणि तो गिटार गळ्यात अडकवूनच पाटावर बसला.

कल्याणच्या त्याच्या बँडचा डिसेंबरात एक कार्यक्रम होता, त्यासाठी ‘फक्त दोन दिवस’ म्हणून पेडल घेऊन गेला. त्याला आता पाच आठवडे झाले. अ‍ॅडॉप्टर न्यायचा विसरलाय, तो इथं माझ्या टेबलावर आहे. परवा त्याचा मेसेज आला: ‘दाजी, बॅटरी सारखी का उतरते?’ मी अजून उत्तर दिलेलं नाही.